एकच घाट दोनदा

सायकलला बॉनेट नसतं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी वॉटफर्डच्या आमच्या गॅरेजमध्ये हातात कुंकवाची वाटी घेऊन उभा होतो.

पाडव्याची सकाळ होती. मागच्या अंगणात गुढी उभारून झाली होती, बायको हॉस्पिटलात ड्यूटीवर गेली होती आणि गॅरेजमध्ये माझी नवी कोरी सायकल वाट बघत होती. आमच्या घरात नवं वाहन आलं की पूजा होते. इथे आल्यापासून तीन मोटारी झाल्या, तिन्हींच्या बॉनेटवर कुंकू लागलं, तिन्हींच्या चाकाखाली लिंबं चिरडली गेली. समोरच्या घरातले इंग्रज आजोबा तर आता रस्त्यावर चेपलेलं लिंबू दिसलं की लांबूनच ‘न्यू कार?’ म्हणून विचारतात. सायकलच्या हँडलला झेंडूची माळ व्यवस्थित बसली. चाकाखाली लिंबू ठेवलं, ते फुटलं नाही, नुसतं गडगडत फ्रीझरखाली गेलं. पण कुंकू लावायचं कुठे? सगळ्या नळ्याच नळ्या. सबंध सायकलवर सपाट, स्वच्छ, देवाला शोभेल अशी जागा एकच होती: चाकाच्या मध्याशी बसवलेली चकचकीत पोलादी चकती.

ती चकती ब्रेकची आहे हे मला दुकानदाराने सांगितलं होतं, मी अगदीच अडाणी नाही. पण ब्रेकची असली म्हणून काय झालं? उलट ब्रेकलाच देवाची गरज जास्त. कोरडं कुंकू त्या गुळगुळीत पोलादावर ठरेना, म्हणून घरात जाऊन त्यात खोबरेल तेलाचे चार थेंब कालवले आणि चकतीवर ठसठशीत ‘श्री’ काढला. मागच्या चाकाला वाईट वाटायला नको म्हणून तिथेही काढला. नमस्कार केला, साखर ठेवली, फोटो काढून पुण्याला पाठवला. मग संध्याकाळी मुलगी केंब्रिजहून येणार आहे आणि हे पाहून हसेल हे आठवलं, म्हणून दोन्ही ‘श्री’ टिश्यूने पुसून टाकले. चकती पहिल्यापेक्षाही जास्त चमकायला लागली. मी स्वतःवर खूश झालो.

आता ही सायकल का आली ते सांगतो, कारण माझ्याकडे बघून कुणाला ते आपणहून सुचणार नाही. मी त्रेपन्न वर्षांचा आहे आणि माझा मुख्य व्यायाम म्हणजे ट्रेन सुटताना धावणं.

आमची मुलगी चोवीस वर्षांची आहे. नॉटिंगहॅमला इंजिनिअरिंग केलं, केंब्रिजला सॉफ्टवेअरमधली चांगली नोकरी लागली. आईबापांनी देवापुढे पेढे ठेवून विषय मिटवावा इतकं सगळं नीट चाललं होतं. फेब्रुवारीत तिचा फोन आला.

“बाबा, मला एक स्लो माणूस पाहिजे.”

“किती स्लो?”

“तुझ्यासारखा.”

एक छोटी कंपनी आहे, म्हणाली, चार माणसं आणि एक व्हॅन. ते लोकांना सायकलवरून वाळवंटी मुलखात फिरवतात. दर सुट्टीत ती त्यांच्याबरोबर जायची हे आम्हाला माहीत होतं, पण आम्ही त्याला छंद म्हणत होतो. आता त्यांनी तिला नोकरीच देऊ केली होती. मोरोक्कोत ॲटलास पर्वताच्या पलीकडे द्रा नावाच्या नदीचं खोरं आहे. तिथे, ज्यांना सायकलची सवय नाही अशा लोकांसाठी, चार दिवसांचा रस्ता तिने आखायचा, तसल्याच एखाद्या माणसाला त्यावरून नेऊन बघायचं, टिपणं पाठवायची आणि परत आल्यावर सोमवारी हो किंवा नाही कळवायचं. हो म्हटलं तर केंब्रिजची नोकरी सोडायची.

“म्हणजे मी गिनिपिग,” मी म्हणालो.

“नाही रे बाबा. तू क्लायंट आहेस. मिडल-एज्ड, अनफिट, आणि सगळ्याला कंप्लेन करतो. परफेक्ट.”

बायको फोनच्या स्पीकरवर ऐकत होती. ती भूलतज्ज्ञ आहे. समोरच्याचा श्वास मोजत गप्प राहायची तिला सवय आहे. फोन ठेवल्यावर म्हणाली, “तू जा. नीट बघ. हे तिला जमतं का आणि ते सेफ आहे का, एवढंच मला कळायला हवं. आणि आल्यावर खरं सांग.”

“आणि जमत नसेल तर?”

“तर मग प्रश्नच मिटला ना,” ती म्हणाली. तिच्या आवाजातली आशा मला ऐकू आली, कारण तीच माझ्याही पोटात होती.

आमचंही जरा ऐका. मी बावीस वर्षांपूर्वी वर्क व्हिसावर इथे आलो तेव्हा ही पोरगी दोन वर्षांची होती. पहिली पाच-सहा वर्षं नोकरी म्हणजे नुसती नोकरी नव्हती, या देशात राहायचा परवाना होता. साहेब ‘हॅव यू गॉट अ मिनिट?’ म्हणाला की त्याच्या टेबलापर्यंत चालत जाताना मी मनातल्या मनात घर आवरून बॅगा भरायला घेतलेल्या असायच्या. तो विचारायचा, वीकेंडला करी कुठे चांगली मिळते. पासपोर्ट बदलला तरी ती भीती गेली नाही. हातात दुसरी असल्याशिवाय मी आजवर एकही नोकरी सोडलेली नाही, सोडावीशी वाटलेल्या मात्र चार आहेत. आणि ही सोमवारी सहज सोडणार, सायकलसाठी!

तेव्हा मी परीक्षक म्हणून निघालो, आणि निकाल घरूनच लिहून नेला होता. तयारी म्हणून जुन्या भाड्याच्या सायकलवर कॅनॉलकाठच्या पायवाटेने सहा आठवडे सराव केला. बोटींमध्ये राहणारी माणसं मला ओळखायला लागली. एकदा एका बदकाने पाण्यातून माझ्याशी बरोबरी केली आणि पुढे गेलं. हे मी घरी सांगितलं नाही.

पाडव्याच्या रात्री सायकली खोक्यात बंद झाल्या, दुसऱ्या दिवशी विमानात बसलो. माराकेशला उतरून टॅक्सीने ॲटलास ओलांडला. अलीकडे बर्फाची शिखरं होती, पलीकडे उतरलो तर सगळं तपकिरी, कोरडं, भाजलेल्या विटेच्या रंगाचं. आमचा पहिला मुक्काम वारझाझात नावाच्या गावात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या अंगणात मुलीने दोन्ही सायकली अर्ध्या तासात जोडल्या. मी शेजारी उभा राहून तिला पाना द्यायचो, ती तो बाजूला ठेवून दुसरा घ्यायची. माझ्या सायकलचे ब्रेक दाबून पाहिले तेव्हा किंचित चिरका आवाज आला.

ती थांबली. परत दाबले. “नवीन आहे ना. चार-पाच वेळा वापरलं की ब्रेकचे पॅड बसतील.”

मी मान डोलावली. कुंकू मला आठवलंही नाही. पूजा झाली की आपल्या बाजूने विषय संपलेला असतो.

पहिल्या दिवशी घाट होता. चढ दुष्ट नव्हता, लांबलचक होता, आणि दोन्ही बाजूंना एक झाड नाही. पण पोरगी कशी चालवते ते मला तिथे पहिल्यांदा दिसलं. मला वाटलं होतं ती पुढे पळेल आणि वळणावर उभी राहून ‘कम ऑन बाबा’ करेल. ती दिवसभर माझ्या मागे होती, दोन सायकलींचं अंतर ठेवून. मी ज्या गिअरला, ती त्या गिअरला.

“बाबा, बाराशे मीटर, उजव्या बाजूला भिंत आहे. सावली मिळेल. छोटा सावली.”

“कोण म्हणतं?”

“माझी वही म्हणते.”

त्या वहीने माझी विकेट काढली. डिसेंबरात ती एकटी इथे येऊन गेली होती, त्या वेळी लिहिलेली. लोक रस्त्याच्या टिपणात चढ, उतार, किलोमीटर लिहितात. हिने सावल्या लिहिल्या होत्या. कुठल्या ठिकाणी, किती वाजता, किती माणसं मावतील, बसायला दगड आहे का, आणि शेवटच्या रकान्यात: कुत्रा आहे का. पाण्याची घरंही लिहिली होती, कुठल्या दाराशी विचारलं तर चालतं, कुठे आधी बाईंना हाक मारायची. “स्लो माणूस किलोमीटर बघत नाही,” ती म्हणाली. “तो बघतो, पुढचा सावली कधी येणार.” हे तिला कुठून कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, “लहानपणी तुमच्याबरोबर वॉकला जायचे ना. तू प्रत्येक बेंच मोजायचास.”

दुपारी दोनच्या सुमाराला माथ्यावर पोचलो. पलीकडे दिसलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. काळ्या डोंगरांच्या रांगा, त्यांच्या अंगावर दगडांच्या थरांच्या वळ्या पडलेल्या, जणू कुणी ओली चादर पिळून टाकली आहे. आणि खाली तळाशी, त्या सगळ्या करपलेल्या पसाऱ्यात, खजुरीच्या झाडांचा एक हिरवा पट्टा. तीच आमची नदी. मी खरोखर चढून आलो होतो. हेल्मेट काढून फोटो काढला. त्यात माझ्या कपाळावर हेल्मेटची नक्षी उमटलेली आहे, तरी तो मी सगळ्या ग्रुपवर पाठवला.

मग उतार सुरू झाला.

पहिल्या वळणाआधी मी ब्रेक दाबले आणि सायकल किंचाळली. किंचाळली, पण थांबेना. आणखी जोरात दाबले, आणखी मोठ्याने किंचाळली. दोन शेळ्या आणि त्यांच्या मालकीणबाई रस्त्यावरून बाजूला झाल्या. तेवढ्यात एक वास आला. आफ्रिकेत, उघड्या डोंगरावर, सायकल हातातून जात असताना मला अगदी स्पष्ट वास आला तो तापलेल्या खोबरेल तेलाचा. आणि त्या एका क्षणात मला गॅरेज, वाटी, टिश्यू, सगळं आठवलं.

“बाबा, डावीकडे! खडी आहे! खडीत जा!” ती मागून ओरडली. घाबरलेला आवाज नव्हता तो. रस्ता माहीत असलेल्या माणसाचा होता. मी डावीकडे वळलो, बुटांचे तळवे घासले, खडीत चाक रुतलं आणि मी हळूच, सोफ्यावर पडावं तसा कलंडलो. कोपर खरचटलं, बाकी काही नाही.

ती सायकल टाकून धावत आली. तोपर्यंत तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. माझी मान, मनगटं, डोळे, सगळं बघितलं, मग एका पिकअप गाडीला हात केला. आम्ही दोघं, दोन सायकली आणि कांद्याची काही पोती असे खालच्या अग्दझ गावात पोचलो.

उरलेली दुपार ती तिथल्या मुक्कामाच्या गच्चीवर वही घेऊन बसली होती. लिहीत नव्हती. मी चहा घेऊन गेलो.

“सकाळी आवाज आला होता,” ती म्हणाली. “मी ऐकला. आणि मी म्हटलं, पॅड बसतील. क्लायंट असता तर? तिकडे खडी नसती तर?”

“अगं, काही झालं नाही ना.”

“तो पॉइंट नाही, बाबा. चेक माझा होता. माझा चूक आहे.” तिने वही मिटली. “मी सोमवारी त्यांना ‘नाही’ सांगते. मी रेडी नाहीये.”

बघा कसं असतं. ज्यासाठी मी सहा आठवडे बदकांकडून अपमान सहन केला, ते माझ्या पुढ्यात आपणहून येऊन पडलं होतं. मी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. केंब्रिजची नोकरी राहणार, बायकोला झोप लागणार. मी तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणालो, “नीट विचार कर.” या वाक्याची आजही मला लाज वाटते.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. पोरीनेच आधी सांगून टाकलं: “आई, मी बाबाला पाडलं.” मग फोन माझ्याकडे.

“लागलंय का?”

“कोपर फक्त.”

“ब्रेकला काय झालं होतं?”

“नवीन होते,” मी म्हणालो. खोटं काहीच नव्हतं त्यात.

सकाळी नाश्त्याला खाली आलो तर ती आधीच बसलेली. डोळ्यांवरून कळत होतं, झोपलेली नाही. टेबलावर ब्रेड, मध, ऑलिव्हच्या तेलाची वाटी, आणि वही. वहीत नवं पान उघडलेलं, सुवाच्य अक्षरात आकडे घालून तिने स्वतःच्या चुका लिहिल्या होत्या. पाच होत्या. पाचवी होती: उतारावर मी पुढे हवी होते.

“इन्सिडंट रिपोर्ट आहे,” ती म्हणाली. “नाही म्हटलं तरी त्यांना हे पाठवायलाच पाहिजे, नेक्स्ट माणसाला उपयोग होईल. तू रायडर आहेस, तर तुझं पण स्टेटमेंट लागेल. तुला काही आठवतं? एनीथिंग. सायकल घेतल्यापासून.”

आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

खोटं सांगायचंच असतं तर तिने रागाने विचारायला हवं होतं. इतक्या सरळपणे विचारल्यावर माझ्याने होईना. मी ब्रेडचा तुकडा तेलात बुडवला, बाहेर काढला, त्याच्याकडे बघितलं.

“मी पूजा केली होती,” मी म्हणालो.

“कसली?”

“सायकलची. कुंकू लावलं.”

“ओके. कुठे?”

“चकतीवर. दोन्ही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “पावडर?”

“पावडर राहत नव्हती गं. तेलात कालवलं.”

“बाबा.” तिने डोळे मिटले. “डिस्क ब्रेकला. तेल.”

“खोबरेल,” मी म्हणालो. “शुद्ध.”

मला वाटलं ती हसेल. हसली नाही. उठून अंगणात गेली, माझ्या सायकलीपाशी उकिडवी बसली, चकतीवरून बोट फिरवलं आणि वास घेतला. परत आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रागाचं होतं.

“तुला काल माहीत होतं?”

“उतारावर वास आला तेव्हा कळलं.”

“आणि मी बोलले, मी त्यांना ‘नाही’ सांगणार. तेव्हा तू गप्प बसलास.”

“हो.”

“का?”

बावीस वर्षं, व्हिसा, साहेबाचं टेबल, हे सगळं तिथे सांगण्यासारखं नव्हतं. “तू जाऊ नयेस म्हणून,” मी म्हणालो.

मुक्कामाच्या मालकीणबाई चहाची किटली घेऊन आल्या, दोघांची तोंडं पाहून किटली ठेवून गेल्या. मग तिने पेन उचललं आणि पानावर सहावा आकडा घातला. माझी चूक लिहिली असेल म्हणून मी डोकावलो. लिहिलं होतं: पहिल्या दिवशी प्रत्येक रायडरला विचारायचं, घेतल्यापासून सायकलला काय काय लावलं.

“वरच्या पाच?” मी विचारलं. “त्या खोड आता.”

“का? आवाज मी ऐकला होता. तेल तुझं, पण चेक माझाच.” मग नाक पुसलं आणि उभी राहिली. “आईचं फर्स्ट एड आण.”

आईने पाठवलेल्या डब्यात स्पिरिटच्या पट्ट्या होत्या, इंजेक्शनआधी दंडाला लावतात त्या. त्यातल्या एकोणीस माझ्याकडून चकत्या पुसून घेण्यात खर्ची पडल्या. विसावी तिने स्वतः फिरवून पाहिली, पांढरी निघाली तेव्हाच मान हलवली. तेल प्यायलेले पॅड काढून टाकले, तिच्या पिशवीतले नवे बसवले. मग अंगणासमोरच्या रस्त्यावर मला वेगाने यायला लावून वीस वेळा थांबवलं. मालकीणबाई, त्यांची सासू आणि शेजारचा एक म्हातारा खुर्च्या टाकून बसले होते. विसाव्या वेळी मी बरोबर खुणेवर थांबलो तेव्हा सासूबाईंनी टाळी वाजवली.

मला वाटलं झालं, आता खोऱ्यातल्या सपाट रस्त्याला लागू. तिने एक टॅक्सी बोलावली होती. टपावर सायकली बांधायला घेतल्या.

“कुठे?”

“वर.”

“वर कुठे?”

“घाट. कालचं टेस्ट वाया गेलं ना. मला लिहायचंय की तो उतार स्लो माणसाला जमतो की नाही. मला अजून माहीत नाही.”

“मग तू जा आणि बघ!”

“मी स्लो नाही,” ती म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, “नको असेल तर नको म्हण, बाबा. रायडर नाही म्हणू शकतो. तो रूल आहे. मी फक्त लिहीन, उतार टेस्ट झाला नाही.”

खरं सांगायचं तर ‘नको’ माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पण ‘टेस्ट झाला नाही’ हे वाक्य तिच्या वहीत माझ्यामुळे जाणार होतं. मी टॅक्सीत बसलो. ड्रायव्हरला वाटलं आम्ही काही विसरलो असणार. दोनदा मागे वळून बघितलं.

या वेळी उतारावर ती पुढे होती, मी मागे. वळणाआधी डावा हात वर, म्हणजे वेग कमी. मूठ, म्हणजे थांब. प्रत्येक तिसऱ्या वळणावर थांबून माझ्या चकतीजवळ हात नेऊन किती तापली ते बघायची. काल मी खडीत कलंडलो होतो तिथे थांबली नाही, नुसती बोट दाखवून पुढे गेली. मी बघितलं, ती खडी खरंच कुणीतरी मुद्दाम पसरल्यासारखी होती, बाजूला पंचवीस-तीस फूट खोल घळ. आणि माझ्या मनात आलं, काल ती ओरडली ती नुसती ‘थांब’ म्हणून नाही. कुठे जायचं ते सांगितलं. त्या क्षणी तिला माहीत होतं की या डोंगरावर तिच्या बापाला पडायला चांगली जागा कुठली.

खाली पोचलो तेव्हा मी एकदाही पाय टेकला नव्हता. ती वहीत लिहीत होती. मी विचारलं, काय लिहिलंस? तिने वाचून दाखवलं: उतार, नऊ थांबे घेतले तर ठीक. रायडर मोठ्याने गातो, इतरांना त्रास होऊ शकतो.

मी गात होतो हे मला माहीतच नव्हतं.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते मी वॉटफर्डला येऊन निम्म्या मराठी मंडळाला सांगितलंय, त्यामुळे इथे थोडक्यात. घाटापायी एक दिवस गेला म्हणून दोन टप्पे एकत्र केले, ते तिने जेवताना दहा मिनिटांत वहीत जुळवले. नदीच्या एका काठाने डांबरी रस्ता जातो, आम्ही दुसऱ्या काठच्या कच्च्या वाटेने गेलो. एका बाजूला काळा डोंगर सतत चालत असल्यासारखा, दुसऱ्या बाजूला खजुरी, खजुरींच्या खाली डाळिंबं, डाळिंबांच्या खाली गव्हाचे एवढे एवढे वाफे. मातीची गावं त्याच मातीतून उठलेली. वाफ्यांच्या पलीकडे पन्नास पावलांवर वाळवंट, काही लपवाछपवी नाही. पाटाचं पाणी पाळीने मिळतं, आणि कुणाची पाळी कधी हे तिला गावागणिक माहीत होतं, कारण पाणी सुटलं की वाटेवर चिखल होतो. जिच्याशी मी तिच्या लहानपणी ‘ती नदी, तो डोंगर’ यावरून रोज भांडलो ती माझी पोरगी अरबीत खुशाली विचारायची, फ्रेंचमध्ये पाणी मागायची आणि दारातल्या बायका तिला हाताला धरून आत न्यायच्या. मी मागे सायकल धरून उभा. एका आजींनी मला विचारलं ते तिने भाषांतर करून सांगितलं: “त्या विचारतात, हा म्हातारा तुझा गिऱ्हाईक आहे का.”

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, ट्रायलवर आहे.”

चौथ्या दिवशी दुपारी झागोरात, रस्त्याच्या शेवटच्या गावात, पोचलो. मी एकही किलोमीटर मोजला नव्हता. सावल्या मोजल्या होत्या, पहिल्या दिवसापासूनच्या, एकतीस. सगळ्या वहीत लिहिल्याप्रमाणे जागच्या जागी होत्या. एक कुत्रा तेवढा जास्तीचा निघाला.

स्टॅन्स्टेडला उतरलो तेव्हा पाऊस होता. ती तिथूनच केंब्रिजच्या ट्रेनने जाणार होती. प्लॅटफॉर्मवर तिने मला मिठी मारली, कोपर सांभाळून. “रिपोर्ट मी रात्रीच पाठवते. जॉबचं, मी काही बोलत नाही आईला. तू तिला सांग. जे झालं ते.”

“सगळं?”

“सगळं. तेल पण.”

घरी पोचलो तेव्हा बायकोने वरणभात लावला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी सगळं सांगितलं. पूजा, टिश्यू, उतार, माझं गप्प राहणं, फोनवरचं ते ‘नवीन होते’. तिथे तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेबद्दल मी लिहिणार नाही. मग स्पिरिटच्या पट्ट्या, पाच चुकांचं पान, टॅक्सी. तिने मधे एकदाच तोंड उघडलं.

“तुझी चूक निघाल्यावरसुद्धा स्वतःच्या पाच तिने तशाच ठेवल्या?”

“तशाच.”

“आणि दुसऱ्या दिवशी तुला परत तिथेच घेऊन गेली?”

“हो. नको म्हण, असंही म्हणाली.”

बायकोने माझ्या ताटात आणखी भात वाढला, मी मागितला नव्हता. मग ओट्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि बोलली ती तशीच, पाठमोरी.

“ऑपरेशन थिएटरमध्ये मला असंच माणूस शेजारी लागतं,” ती म्हणाली. “तिला म्हणावं, सोमवारी हो सांग. आणि फोन तूच कर. मी केला तर मला रडू येईल, आणि मग ती राहील.”